ओहोटीचा खडकाळ किनारा

समुद्राचे पाणी उतरल्यावर काही तासांपुरता उघडा पडणारा कातळाचा पट्टा. कोकणात ओहोटीला सुकती असेही म्हणतात. येथील खडक मुख्यतः काळ्या बेसाल्टचे असून रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेक ठिकाणी जांभाही आढळतो. हरिहरेश्वरला डोंगराच्या पायथ्याशी लाटांनी आणि खाऱ्या हवेने कोरलेले, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेले कातळ दिसतात. तेथील प्रदक्षिणेची वाट ओहोटीतच चालता येते.

एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीच्या आसपासच्या भांगात, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीत, पाणी फारसे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मात्र ते दूरवर मागे सरते आणि एरवी न दिसणारा खालचा कातळही उघडा पडतो.

या किनाऱ्याचे सौंदर्य उभ्याने पाहणाऱ्याला बहुधा दिसतच नाही. त्यासाठी एखाद्या डबक्याशी उकिडवे बसावे लागते. वरच्या, लवकर कोरड्या होणाऱ्या खडकावर बारीक शंख आणि पांढुरके बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले कवचधारी जीव), त्याखाली धारदार कडांची कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) आणि पाण्यालगत शेवाळ, असे थर साधारणपणे लागतात, कारण उन्हात कोरडे राहण्याची प्रत्येकाची ताकद वेगळी असते. उघडे पडलेले समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा मऊ अंगाचा प्राणी, अंग आवळून, वाळू आणि शिंपल्यांचे कण चिकटलेला ओला गोळा होऊन बसते. हातभर अंतरावरच्या डबक्यात त्याच जातीचे दुसरे फूल पाकळ्यांसारखे स्पर्शक पसरून असते. पाण्यावर आपली सावली पडताच छोटे मासे कपारीत शिरतात आणि शंखात राहणारा खेकडा पाय आत ओढून घेतो. हलू नये. थोड्या वेळाने शंख पुन्हा चालू लागतो. लाटांचा आवाज दूर गेलेला असल्याने खडकांमधली बारीक चुटचुटही ऐकू येते.

कालवे काढणाऱ्या बायकांचे कामही याच वेळात उरकावे लागते. उलटलेला दगड होता तसा ठेवावा, कारण त्याच्या ओल्या पोटाशी चिकटलेले जीव उन्हात मरतात. भरती लागली की पाणी आधी घळींतून गुपचूप आत येते, डबकी एकमेकांना मिळतात आणि बुडालेले बार्नेकल झडपा उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढतात.