घाम वाचवायचा कुठं, गाळायचा कुठं

सकाळी सहाला रंकाळ्यावर गेलात तर एक गंमत दिसेल. फिरायला आलेली माणसं नाना वयांची, पण चाल बहुतेकांची एकच: ना घाईची, ना रेंगाळलेली. मीही त्यातलाच. दोन वर्षं एक दिवस न चुकवता चालतोय, वजनाचा काटा मात्र जागचा हलत नाही. "आता सवय झालीया तुम्हाला, काय वाटतच नसंल," शेजारचे अण्णा कौतुकानं म्हणतात. दुखणं नेमकं तिथंच आहे.

सपाट रस्त्यावर माणूस आपल्या नादात चालतो तो साधारण ताशी ४.५ ते ५ किलोमीटरनं. एक मीटर अंतर कापायला सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती याच वेगाला. याहून सावकाश चाललात तरी जास्त लागते, झपझप चाललात तरी जास्त. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. २०१५ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांच्या पायांना गुडघ्यापाशी अडवणारी यंत्रं बांधून त्यांना चालायला लावलं. नेहमीच्या लयीत पाऊल टाकलं की यंत्र जास्त जोर लावायचं, म्हणजे सवयीची चालच महाग पडायची. काही मिनिटांत त्यांच्या शरीरानं नवी, स्वस्त लय हुडकून काढली. त्यातून वाचत होतं किती? पाच टक्क्यांहूनही कमी. लक्ष्मीपुरीत कोथिंबिरीच्या पेंडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माझी आई यापुढं उधळी म्हणायची.

म्हणजे आपलं शरीर जात्याच कार्यक्षम आहे. कार्यक्षमता हा साधा भागाकार: मिळालं किती, भागिले गेलं किती. परिणामकारकता निराळी. जे हवं होतं ते पदरात पडलं का, एवढंच ती विचारते. गुऱ्हाळावर हे छान दिसतं. काहिलीखाली चिपाड कमी जळालं आणि गूळ तेवढाच उतरला, तर तो निव्वळ फायदा. तिथं इंधन वेगळं, माल वेगळा. मला वेळेत ऑफिसला पोचायचं असतं तेव्हा माझं चालणंही तसंच, जेवढी ताकद वाचेल तेवढी बरी. पण वजन उतरवायला चालतो तेव्हा चिपाड जाळणं हाच गूळ असतो. तिथं वाचवलेली प्रत्येक कॅलरी म्हणजे आपणच आपल्या मालाला लावलेली काट.

तालमीतल्या वस्तादांना हा फरक सांगावा लागत नाही. खासबागेत उतरलेला पैलवान दम राखून लढतो, वायफळ झटापट करत नाही. तोच पहाटे लाल मातीत जोर-बैठका काढतो तेव्हा त्या स्वस्तात उरकायची सोय नसते, कारण स्नायूवर पडणारा ताण हीच त्याला घडवणारी गोष्ट. मात्र बैठकांव्यतिरिक्त जे जे वाचवता येईल ते तो वाचवतो. दुपारची झोप हा तिथं आळस मानत नाहीत. ताणानं शिणलेला स्नायू भरून निघतो तो विश्रांतीतच.

डोक्याचंही असंच आहे, फक्त तिथं घाम दिसत नाही. माझा पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याच्या पुस्तकात पिवळा, गुलाबी आणि पोपटी अशा तीन रंगांच्या रेघा. पोपटी म्हणजे तिसरं वाचन. तिसऱ्या वेळी धडा निम्म्या वेळात होतो म्हणून गडी खूश. मी पुस्तक मिटून एक प्रश्न विचारला, तर म्हणाला, "काका, माहितीये ओ, आत्ता आठवंना एवढंच!"

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणारे ४२ वर घसरलेले, आठवून लिहिणारे ५६ वर. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. आठवताना होणारी ओढाताण ही खरी मशागत, पण ती करत असताना आपलं काहीच होत नाहीये असं वाटत राहतं. म्हणून माणूस रंगीत पेनाकडं वळतो. पुतण्याला दोष कशाला द्या, मी रंकाळ्यावर दुसरं काय करत होतो?

अर्थात मुळात न वाचलेलं कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि गुडघा दुखत असताना पळणं हा व्यायाम नव्हे. कष्ट घडवणारे हवेत, नुसते छळणारे नकोत. नोट्सचं अक्षर सुंदर काढणं, अभ्यासाचं वेळापत्रक चौथ्यांदा आखणं, अभ्यासिका गाठायला रोज तासभर बस बदलणं, यातला घाम खुशाल वाचवावा. त्यातून गूळ उतरत नाही.

हल्ली आम्ही दोघं बरोबर निघतो. विजेचे दोन खांब झपाझप, पुढचे दोन सावकाश. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, ही मध्यम व्यायामाची साधी खूण. झपाझप चालताना माझा प्रश्न अर्ध्यातच तुटतो. काल धापा टाकतच विचारलं, "वित्त आयोग... कलम?" तो थांबला, कपाळ चोळलं, पाण्याकडं बघत राहिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं हात वर केला.

"थांबा काका, सांगू नका."