दहशतवादाच्या उगमाचे सिद्धांत आणि कोकण किनारा

राजकीय हेतूसाठी नि:शस्त्र लोकांवर हिंसा का होते आणि तिचे रूप कसे पालटत जाते, हे उलगडू पाहणाऱ्या मांडण्या. त्या कितपत टिकतात, याची पारख कोकण किनाऱ्यावर चांगली होते.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ टेड गर यांनी १९७० मध्ये सापेक्ष वंचनेचा सिद्धांत मांडला. आपला हक्क वाटतो ते आणि पदरात पडते ते, यांतील तफावतीतून बंड पेटते, असा त्याचा गाभा. कोकणाने ही तफावत पिढ्यान्‌पिढ्या सोसली. तुकड्यांची शेती, मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारी घरे, १९८२ च्या संपानंतर हातचे काम गेलेले गिरणी कामगार. त्या वैफल्यातून दहशतवादी संघटना मात्र उभी राहिली नाही. काही तरुण टोळ्यांकडे वळले, पण टोळीयुद्धामागे राजकीय हेतू नव्हता. केवळ वंचना दाखवून दहशतवादाचा उगम सांगणे म्हणूनच अपुरे, आणि गरिबांवर अन्याय करणारेही.

राज्यशास्त्रज्ञ मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्ये पूर्वस्थिती (दहशतवादाला आधीपासून पोषक असलेली परिस्थिती) आणि तात्कालिक कारणे (ठिणगी टाकणाऱ्या घटना) वेगळी केली. १९९३ च्या मुंबई स्फोटांना ही मांडणी सर्वांत नेमकी लागू पडते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, पाठोपाठ मुंबईत दंगली झाल्या. हे तात्कालिक कारण. पूर्वस्थिती त्याआधी कित्येक वर्षे घडत होती. सोन्याचांदीच्या तस्करीने खाड्या, माल उतरवण्याच्या जागा, माल वाहणारी माणसे आणि लाच घेणारे अधिकारी तयार ठेवले होते. त्याच वाटेने रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरले. १२ मार्च १९९३ ला २५७ जण मारले गेले. पुढे सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणही दोषी ठरले.

राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड रॅपोपोर्ट यांच्या मते आधुनिक दहशतवादाच्या अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी (१९६० च्या दशकातील ‘न्यू लेफ्ट’ची) आणि १९७९ पासूनची धार्मिक अशा चार लाटा आल्या. जागतिक पटासाठी हे उपयोगी आहे. १९९३ मध्ये मात्र धार्मिक सूड, गुन्हेगारी टोळी आणि सीमेपलीकडची मदत एकत्र आली होती. ते एका लाटेत मावत नाही.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले, वाटेत ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून कुलाब्याला उतरले. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली. या उपायांमागे संधीचा सिद्धांत आहे: वाट बंद केली की हल्ला अवघड होतो. हल्लेखोर कसे घडतात, यावर तो काहीच सांगत नाही.