शून्य ते शंभर: हायब्रिड सेडान सुपरकारच्या जवळ कशी आली

२०२४ साली आलेली बीएमडब्ल्यू एम५ ही प्लग-इन हायब्रिड (म्हणजे इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटार आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली) सेडान २,४३५ किलो वजनाची आहे आणि कंपनीच्या आकड्यांनुसार ती ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.५ सेकंदांत गाठते. १९९०च्या दशकात वेगाचा मानदंड मानल्या गेलेल्या मॅकलारेन एफ१ला त्यासाठी ३.२ सेकंद लागत, आणि तिचे वजन या सेडानच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे १,१३८ किलो होते. चार दारे, ऐसपैस मागची सीट आणि सामानाला जागा असलेली गाडी सुपरकारच्या इतकी जवळ कशी पोहोचली, याचे उत्तर केवळ वाढलेल्या अश्वशक्तीत सापडत नाही.

आलिशान सेडानमध्ये दांडगे इंजिन बसवण्याची कल्पना जुनीच आहे. १९६८ साली मर्सिडीजने आपल्या मोठ्या ‘६००’ लिमोझिनचे ६.३ लिटरचे व्ही८ इंजिन तुलनेने लहान सेडानमध्ये बसवून ३०० एसईएल ६.३ बाजारात आणली, आणि साध्यासुध्या दिसणाऱ्या त्या गाडीने ६.५ सेकंदांत शंभरी गाठली. तरीही सुपरकार पुढेच राहिल्या, कारण त्या हलक्या होत्या आणि इंजिन मध्यभागी असल्याने त्यांच्या मागच्या चाकांवर भार अधिक पडत असे.

हा भार महत्त्वाचा ठरतो, कारण शंभरीपर्यंतची शर्यत प्रामुख्याने टायरच्या पकडीची असते. ३.५ सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे आठ दशांश, तर २.५ सेकंदांत तो गुरुत्वाकर्षणाहूनही अधिक होतो. सुरुवातीच्या क्षणांत बलाढ्य इंजिनाची बरीचशी ताकद वापरताच येत नाही, कारण ती पूर्ण लावली तर चाके जागीच फिरू लागतात. गाडी जड असेल तर तिला ढकलायला जास्त बल लागते, पण तोच भार टायरला रस्त्यावर अधिक दाबतो. त्यामुळे चारही चाकांना ताकद मिळत असेल, तर या टप्प्यात वजनाचा तोटा बराचसा भरून निघतो. १९८०च्या दशकातच याची झलक दिसली होती. ४५० अश्वशक्तीची, चारही चाके ओढणारी पोर्शे ९५९ चार सेकंदांच्या आत शंभरी गाठत असे, तर तिच्याहून हलक्या आणि ४७८ अश्वशक्तीच्या, पण केवळ मागची चाके चालवणाऱ्या फेरारी एफ४०ला ४.१ सेकंद लागत.

हायब्रिड तंत्र या गणितात उशिरा आले. २००६च्या लेक्सस जीएस ४५०एचने व्ही६ इंजिनाला विद्युत मोटारीची जोड देऊन ५.९ सेकंदांचा आकडा गाठला, आणि ही जोड केवळ इंधनबचतीसाठी नसून मोठ्या इंजिनाची जागाही घेऊ शकते, हे दाखवले. टर्बो इंजिनाला, म्हणजे दाबाखाली जास्त हवा घेणाऱ्या इंजिनाला, तो दाब तयार व्हायला क्षणभर वेळ लागतो. विद्युत मोटार मात्र पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते आणि नेमका तोच क्षण भरून काढते. २०१७ची पोर्शे पॅनामेरा टर्बो एस ई-हायब्रिड याच जोडीवर ६८० अश्वशक्ती उभी करून ३.४ सेकंदांत शंभरी गाठू लागली.

मर्सिडीज-एएमजीने २०२१ साली जीटी ६३ एस ई परफॉर्मन्स या चार दारांच्या गाडीत मोटार थेट मागच्या आसावर बसवली आणि हा आकडा २.९ सेकंदांवर आणला. या गाडीची बॅटरी जेमतेम ६.१ किलोवॅट-तासांची आहे. मोटार १५० किलोवॅटची ताकद फक्त दहा सेकंद देते, त्यानंतर ७० किलोवॅटवर येते. बॅटरीतील ५६० सेल तापू नयेत म्हणून त्यांच्याभोवती शीतद्रव खेळवला जातो. प्रवासाचा पल्ला वाढवण्यापेक्षा छोट्या झेपेसाठीच ही सारी मांडणी केलेली आहे, हे उघड दिसते.

शंभरीनंतर मात्र चित्र पालटते. वेग वाढेल तशी पकडीची अडचण मागे पडते आणि वजनामागे किती ताकद आहे, हे निर्णायक ठरते. हवेचा विरोधही झपाट्याने वाढतो. नव्या एम५ला ताशी २०० गाठायला १०.९ सेकंद लागतात, तर एफ१ला ९.४ लागत. सुरुवातीच्या ०.३ सेकंदांचा फरक तिथे दीड सेकंदाचा होतो. वजनाचा फटका घरातही बसतोच: हायब्रिड नसलेली आधीची एम५ कॉम्पिटिशन १०२ अश्वशक्तींनी कमी असूनही ३.३ सेकंदांत शंभरी गाठत होती.

दरम्यान सुपरकारनेही हेच तंत्र उचलले. पोर्शे ९१८, मॅकलारेन पी१ आणि लाफेरारी या तिन्ही २०१३च्या सुमारास हायब्रिड होऊन आल्या. पॅनामेराने मोटारीची ताकद वापरण्याची रीत ९१८कडूनच घेतली. २०१९च्या फेरारी एसएफ९० स्ट्राडालेत पुढच्या चाकांसाठी दोन विद्युत मोटारी असून ती २.५ सेकंदांत शंभरी गाठते.

हे सारे आकडे शेजारी मांडताना मोजणीची पद्धत तपासणे आवश्यक आहे. अमेरिकी चाचण्या बहुधा ताशी ६० मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे ९६.६ किलोमीटरपर्यंतचा वेळ देतात आणि अनेकदा गाडी पहिला एक फूट सरकल्यानंतरच घड्याळ सुरू करतात. एवढ्यानेच दोन-तीन दशांश सेकंद वाचतात, आणि एम५ व एफ१ यांच्यातील अंतरही तेवढेच आहे.