पेरूची फांदी वाकवली म्हणून झाड खुंटत नाही

"फांदी वाकवली की रस अडतो आणि झाड खुंटतं," असं पेरूच्या बागांतून वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. उभ्या फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे फुटू पाहणारे कोंब, दाबून ठेवतं. फांदी सुतळीने आडवी ओढून खुंटीला बांधली की हा दाब सैल होतो आणि जागोजागी नवे धुमारे फुटतात. पेरूला फूल येतं ते या नव्या फुटीवरच!

मोडते ती जून, जाड, घाईने ओढलेली फांदी. करंगळीएवढ्या जाडीची लवचिक फांदी निवडा, हळूहळू वाकवा, सुतळीखाली गोणपाटाची पट्टी ठेवा. साल थोडी चिरली तरी घाबरू नका. तिथे कापड गुंडाळून आधार द्या.