रोजच्या वस्तू आणि समकालीन कोरियन कला

घरात, बाजारात किंवा भंगारात सापडणाऱ्या वस्तू घेऊन त्यांतून शिल्पे, मांडणशिल्पे व व्हिडिओ-कलाकृती घडवण्याची दक्षिण कोरियातील कलापद्धती. तिचा कुठला जाहीरनामा नाही की संघटना नाही. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने १९१७ मध्ये मुतारीचे भांडे कलाकृती म्हणून पुढे केले, ते दुकानातून आणलेले कोरे भांडे होते. कोरियन कलावंतांचा ओढा मात्र बऱ्याचदा कुणीतरी वापरून झिजवलेल्या वस्तूकडे दिसतो.

१९५०–५३ च्या कोरियन युद्धानंतर देश एका पिढीच्या आत शेतीतून कारखानदारीत गेला. गवताच्या, मातीच्या, पितळेच्या वस्तू मागे पडून घराघरांत प्लॅस्टिक आले. ली संग-थेक (जन्म १९३२) यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीसच चटई विणताना वजन म्हणून टांगायचे दगड दोरीला बांधून शिल्प म्हणून मांडले होते. पुढच्यांना ही वाट नवी राहिली नव्हती.

किमसूजा (जन्म १९५७, देगू) यांची बोत्तारी, म्हणजे आपले गाठोडेच. नवविवाहितांना देण्याच्या भडक रंगांच्या, शुभचिन्हे भरलेल्या पलंगपोसांत जुने कपडे बांधायचे, एवढीच कृती. शिवण नाही, कात्री नाही. पलंगपोस वापरलेलेच हवेत, हा त्यांचा आग्रह. जन्म, संसार, आजारपण आणि मृत्यू ज्यावर झाले ते कापड. १९९७ मध्ये अशी गाठोडी ट्रकवर रचून, त्यांच्यावर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसून, त्यांनी पूर्वी जिथे जिथे राहणे झाले त्या गावांतून ११ दिवसांत २,७२७ कि.मी.चा प्रवास केला. सैन्यात असलेल्या वडिलांच्या बदल्यांमुळे बालपणी बिऱ्हाड सतत हलत असे. ‘मुंबई : अ लाँड्री फील्ड’ (२००७–०८) या चार पडद्यांवरच्या व्हिडिओ-कलाकृतीत किमसूजा कापडाचा माग काढत मुंबईच्या वस्त्यांत आणि माणसांनी लगडलेल्या लोकलपर्यंत येतात.

चोई जंग-ह्वा (जन्म १९६१, सोल) यांचे साहित्य बाजारातले, स्वस्त आणि झगझगीत. ‘कब्बाला’ (२०१३) हे देगू कलासंग्रहालयातील शिल्प ५,३७६ लाल-हिरव्या प्लॅस्टिक टोपल्यांचे आहे. २००९ मध्ये त्यांनी सोलमधली दहा मजली इमारत टाकून दिलेल्या हजार दारांनी मढवली. २०१८ च्या ‘डँडेलियन’साठी नागरिकांकडून भांडी मागवली, सुमारे ७,००० पातेली, झाकणे, कढया मिळून नऊ मीटर उंचीचे फूल सोलच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाच्या अंगणात उभे राहिले. त्यांच्या कामाला सजावट म्हणून हिणवणारेही आहेत. टोपल्यांच्या मनोऱ्याबाबत त्यात थोडे तथ्य आहे. पण जळून काळ्या पडलेल्या, चेपलेल्या भांड्यांना ते लागू पडत नाही.

यी सूक्यंग (जन्म १९६३) कुंभारांनी खोट निघाल्यामुळे फोडून टाकलेल्या भांड्यांची खापरे गोळा करतात. इपॉक्सीने ती जोडून सांध्यांवर २४ कॅरट सोन्याचा वर्ख बसवतात. मूळ भांडे पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न त्यात नाही. चितारलेल्या ड्रॅगनचे शेपूट एका भांड्यावरचे, पोट दुसऱ्यावरचे, आणि आकार फुगत जातो तिकडे जातो. शिन मीग्यंग (जन्म १९६७) साबणात बुद्धमूर्ती घडवून संग्रहालयाच्या स्वच्छतागृहात ठेवतात. येणाऱ्याने तिच्यावर हात चोळून धुवायचे. नाक-डोळे विरघळून चेहरा गुळगुळीत झाला की तीच मूर्ती दालनात प्रदर्शित होते. २०१२ मध्ये लंडनच्या कॅव्हेंडिश चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर त्यांनी साबणाचा अश्वारूढ पुतळा उभारून पावसाच्या हवाली केला.

यांग हेग्यू (जन्म १९७१) यांच्याकडे खिडक्यांचे पडदे, कपडे वाळत घालण्याचे स्टँड, घुंगरे यांना स्थान मिळते. किम बम (जन्म १९६३) यांचा विनोद सर्वांत कोरडा. ‘तुम्ही केवळ साधने आहात हे वस्तूंना शिकवताना’ (२०१०) या मांडणीत घरगुती वस्तू छोट्या खुर्च्यांवर फळ्यासमोर बसवल्या आहेत आणि टीव्हीवरून त्यांना धडा दिला जातो आहे. शाळेच्या बाकावर घोकंपट्टी केलेल्या कुणालाही हसू येईल, आणि हसताना थोडे अवघडल्यासारखेही होईल.

वस्तूच कलाकृती झाली की जतनाचा प्रश्न येतो. व्हिडिओ-कलावंत नाम जून पैक यांनी १९८८ मध्ये याच संग्रहालयाच्या, सोलजवळच्या ग्वाचन येथील इमारतीत १,००३ टीव्ही संचांचा मनोरा उभारला. जुन्या पिक्चर ट्यूबचे उत्पादन थांबल्याने सुटे भाग मिळेनात आणि २०१८ मध्ये तो बंद ठेवावा लागला. दुरुस्तीत ७३७ संच जुन्याच पद्धतीचे राखले, वरच्या भागातले २६६ मात्र सपाट एलसीडी पडद्यांनी बदलले. २०२२ मध्ये मनोरा पुन्हा सुरू झाला. ट्यूबचे आयुष्य वाढावे म्हणून तो आता ठरावीक वेळातच चालवतात.