जहाजाच्या बारशाचा मान: क्रूझच्या गॉडमदर आल्या कुठून?

मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज आपल्याला २०२१ पासून माहीत आहे. त्याचं बारसं मात्र १९९० सालचं, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं, आणि त्याची गॉडमदर होती गायिका ग्लोरिया एस्टेफान. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. जहाजाच्या बाबतीत तो गॉडमदरचा. ती नाव उच्चारते, जहाजाचं आणि त्यावरच्या सगळ्यांचं भलं चिंतते आणि शॅम्पेनची बाटली जहाजावर आपटून फुटते.

समुद्राला काही तरी अर्पण करावं आणि मगच त्याच्यावर स्वार व्हावं, ही भावना फार जुनी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या कोळ्यांना ती समजावून सांगायला नको. इंग्लंडमध्ये राजाचा प्रतिनिधी मौल्यवान पेल्यातून वाइनचे घोट घेई, थोडी डेकवर शिंपडी आणि पेला पाण्यात फेकून देई. १७ व्या शतकाच्या अखेरीस हा खर्च जड वाटू लागला आणि पेल्याची जागा बाटलीनं घेतली. तोवर हा मान पुरुषांचा होता. स्त्रिया या सोहळ्यात आल्या त्या १९ व्या शतकात. सगळ्याच कंपन्या नामकरण करत असंही नाही. टायटॅनिकची मालक असलेल्या व्हाइट स्टार लाइन कंपनीत तशी प्रथाच नव्हती, त्यामुळे १९११ मध्ये ते जहाज बाटली न फोडताच पाण्यात उतरलं.

प्रवासी जहाजांच्या बाबतीत या मानाला खरं वजन आलं ते २६ सप्टेंबर १९३४ रोजी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला. मंदीमुळे डिसेंबर १९३१ मध्ये तिथल्या गोदीतलं काम थांबलं आणि हजारो कामगार घरी बसले. ‘५३४’ एवढ्याच क्रमांकानं ओळखला जाणारा सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ तसाच गंजत उभा होता. सरकारी कर्ज मिळालं तेव्हा काम पुन्हा सुरू झालं. जलावतरणाच्या दिवशी भर पावसात लोक लोटले, आणि राणी मेरीनं आपलंच नाव जहाजाला दिलं: ‘क्वीन मेरी’. ज्यांच्या घरची चूल त्या ५३४ वर अवलंबून होती, त्यांना तो क्षण कसा वाटला असेल! गॉडमदर निवडण्यामागचा मूळ भाव मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. जहाज अख्ख्या गावाचं, देशाचं होतं, म्हणून नाव ठेवायला देशाची राणी.

हाच विचार इतरत्रही होता. १९६० मध्ये ‘फ्रान्स’ जहाजाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इव्हॉन द गॉल लाभल्या. आपल्या माझगाव डॉकमध्ये १९६८ साली ‘आयएनएस निलगिरी’ या युद्धनौकेचं जलावतरण इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. भारतीय नौदलात हा मान आजही बहुधा स्त्रीलाच मिळतो.

पुढे अटलांटिक ओलांडायला जेट विमानं आली. पलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचण्यासाठी जहाजाची गरज उरली नाही. उरली ती सुट्टी. सुट्टी विकायची तर ओळखीचा चेहरा हवा. १९८४ मध्ये साउदॅम्प्टनला ‘रॉयल प्रिन्सेस’चं नामकरण डायानानं केलं. १९८८ मध्ये ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन कार्टर आल्या, १९८९ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ला अभिनेत्री ऑड्री हेपबर्न. अभिनेत्री सोफिया लॉरेन तर २००३ पासून एमएससी या क्रूझ कंपनीच्या एकामागून एक जहाजांच्या गॉडमदर होत आल्या आहेत. २०१० मध्ये ‘ॲल्युअर ऑफ द सीज’ची गॉडमदर म्हणून चक्क ‘श्रेक’ या ॲनिमेशनपटातली राजकन्या फिओना निवडली गेली. मला ही निवड पटत नाही. आशीर्वाद द्यायला जिवंत माणूसच हवं.

उलट २००१ मधली निवड मनाला भिडते. ‘ॲडव्हेंचर ऑफ द सीज’साठी कंपनीनं न्यूयॉर्कच्या अग्निशमन आणि पोलीस दलांचे प्रतिनिधी बोलावले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात मदतीला धावलेल्यांचा तो सन्मान होता.

एक गोष्ट मात्र सतत खटकते. धक्क्यावर उभं राहून नाव ठेवण्याचा मान स्त्रीला कधीच मिळाला होता, पण जहाज चालवायला तिला फार थांबावं लागलं. ‘मोनार्क ऑफ द सीज’ची गॉडमदर होती अभिनेत्री लॉरेन बकॉल, १९९१ मध्ये. त्याच जहाजाची सूत्रं २००७ मध्ये स्वीडनच्या कॅरिन स्टाहर-यानसन यांच्याकडे आली. इतक्या मोठ्या क्रूझ जहाजाची कप्तान होणारी ही पहिली स्त्री. मधे १६ वर्षं गेली होती.

डिसेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडात ‘सेलिब्रिटी एज’चं नामकरण मलाला युसुफझाईनं केलं. मुलींच्या शिक्षणासाठी गोळी झेललेली ही मुलगी तेव्हा २१ वर्षांची होती. इथे अंतर फार पडलं नाही. ८ मार्च २०२० रोजी, महिला दिनी, हेच ‘एज’ बंदरातून निघालं तेव्हा कप्तान केट मॅक्यू होत्या, आणि ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, सगळ्या अधिकारी स्त्रिया होत्या.