मऊ आमिषाची मासेमारी (कोकण)

गांडूळ, कोळंबी, बेडूक किंवा लहान मासा यांच्या आकाराचे लवचीक प्लास्टिक गरीला (गळाला) ओवून, ते पाण्यात जिवंत वाटेल असे खेळवत शिकारी मासा पकडण्याची पद्धत. कोकणात गरीने मासे पकडण्याला ‘गरवणे’ म्हणतात. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाचा तुकडा आणि गरीला काडू (गांडूळ) किंवा कोळंबी, एवढ्या सामानावर नदी-खाडीकाठच्या घरांची कालवणे होत आली आहेत. त्यामुळे ‘चल, गरवूक जाव्या’ म्हणणाऱ्याला इथे नवे शिकण्यासारखे आहे ते फक्त आमिष, आणि ते हलवायची रीत.

ही पद्धत मूळची अमेरिकेतील गोड्या पाण्याची. तेथील लार्जमाउथ बास हा मोठ्या जबड्याचा मासा बुडालेली झाडे आणि पाणवनस्पती यांच्या आडोशाला दबा धरतो आणि टप्प्यात आलेले भक्ष्य पाण्याच्या घोटासकट आत ओढतो. टणक लाकडी आमिष तोंडात गेले की तो ते लगेच थुंकतो. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी १९४९ च्या सुमारास घरीच साच्यात ओतून मऊ प्लास्टिकचे गांडूळ बनवले. ते माशाला मांसासारखे लागते, म्हणून तो ते क्षणभर जास्त धरून ठेवतो, आणि गरवणाऱ्याला झटका द्यायला तेवढा वेळ पुरतो.

पीव्हीसीची भुकटी तेलासारख्या मऊकारक द्रवात कालवून तापवली की दुधाळ मिश्रण पारदर्शक व दाट होते. त्यात रंग, चमकी, मीठ किंवा वास घालून ते साच्यात ओततात. हाच मऊकारक इतर प्लास्टिकलाही खातो. साध्या डब्यात महिनाभर ठेवलेली आमिषे तळाशी चिकटून डब्याचीच चिखलपेंड करतात, हा अनुभव एकदा तरी सगळ्यांना येतो. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेले गांडूळ वाकडे होते आणि मग पाण्यात सरळ चालत नाही.

बास म्हणजे नेमका कोणता मासा, याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे. लार्जमाउथ बासचे कुळ मूळ उत्तर अमेरिकेतले. कोकणच्या नद्यांत तो नाही. हॉटेलच्या यादीतला ‘बासा’ म्हणजे आग्नेय आशियातला बिनखवल्याचा पंगस जातीचा मासा, त्याचा बासशी नाव सोडले तर काही संबंध नाही. आपला जिताडा, म्हणजे दक्षिणेकडचा चोणक, व्यापारात ‘एशियन सी-बास’ या नावाने विकला जातो. त्याचे कुळही वेगळे, पण सवयी बासच्या: मोठा जबडा, आडोशाची आवड, दबा आणि घोट. अमेरिकेतल्या तळ्यांसाठी घडलेले आमिष कोकणच्या खाडीत चालते ते या सवयींमुळे.

जिताडा गोड्या, मचूळ आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत राहतो. वाढतो नदी-खाडीत, अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात उतरतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात (खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात) त्याची पिल्ले घरामागच्या तळ्यात सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे कृत्रिम प्रजनन साधले, आणि आता सिंधुदुर्गच्या खाड्यांत पिंजऱ्यातही तो वाढवला जातो. तरुण जिताडा नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा बहुधा अंड्यांवरची मादीच. फोटो काढून तो पाण्यात परत सोडावा असे सांगितले की काठावरची जुनी मंडळी हसतात, आणि त्यांचे हसणे समजण्यासारखे आहे. पण खाडीत पिल्ले कुठून येतात हा हिशेबही त्यांनाच जास्त ठाऊक आहे.

कोकणात आमिषाच्या रंगापेक्षा महत्त्व पाण्याच्या वेळेला. बासच्या तळ्यात भरती-ओहोटी नसते, त्यामुळे तिकडची माहिती इथे अर्धीच उपयोगी पडते. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता भरेल ते कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराची भरती. त्यानंतर तास-दीड तासाने पाणी जोरात ओसरू लागते आणि कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत शिरलेली कोळंबी, बोयट माशाची पिल्ले बाहेर फेकली जातात. खारबंदिस्तीच्या (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे दारातून, पाणी सुटते तेथे, किंवा पऱ्या (ओढा) खाडीला मिळतो त्या तोंडाशी, जिताडा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार पळते आणि गढूळ होते; भांगाच्या, म्हणजे सर्वात कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ते इतके सुस्त की मासाही सुस्त. या दोहोंमधले दिवस बरे.

कांदळात आमिष टाकायचे तर गरीचे टोक उघडे ठेवून चालत नाही. पहिल्याच फेकीत ते मुळाला अडकते. यासाठी टेक्सासच्या नावाने ओळखली जाणारी ओवण वापरतात. बंदुकीच्या गोळीसारखे भोकाचे शिसे आधी तंगुसात सरकवायचे, मग गरी बांधायची. गरीचे टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढायचे, गरी ओढून उलटी फिरवायची आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात असे रुतवायचे की ते जेमतेम पाठीच्या कातडीखाली राहील. गांडूळ सरळ लोंबले पाहिजे. पिळा पडला तर काढून पुन्हा ओवावे, नाहीतर पाण्यात ते भोवऱ्यासारखे फिरते आणि तंगुसाला वळ पडतात. उघड्या पाण्यात मात्र शिशाचे डोके असलेली गरी आणि तिच्यावर वल्ह्यासारख्या शेपटीचा रबरी मासा सोपा पडतो.

फेक प्रवाहाच्या वरच्या अंगाला. आमिष तळाला टेकेपर्यंत थांबायचे, रॉडचे टोक हलकेच उचलायचे, पुन्हा पडू द्यायचे. मासा बहुतेक वेळा पडत्या आमिषावर येतो, आणि तंगूस अचानक सैल होणे हीच खूण असते. नवशिक्या ओढ लागण्याची वाट पाहत बसतो. जिताड्याच्या कल्ल्यांची कडा पात्यासारखी धारदार असते, म्हणून गरीजवळचा हातभर तंगूस जाड घेतात. मासा हातात धरतानाही बोटे कल्ल्यापासून लांब ठेवावीत. त्याच मुळांत राहणारी तांबोशी ही मासळी आणखी हट्टी: चावा घेतला की थेट मुळांकडे धावते, आणि पहिल्या दोन हातांत ती वळवली नाही तर आमिषासकट तंगूस गेला.

हे गेलेले आमिष हाच या छंदाचा खरा दोष. काडू कुजते, प्लास्टिक कुजत नाही. ओहोटीला कांदळाच्या मुळांत गुलाबी-हिरवी शेपटे लटकलेली दिसतात. फाटलेले आमिष तेथेच टाकून जाणारेही कमी नाहीत. शिसेही चिखलात राहते. ही तक्रार करणाऱ्या प्रस्तुत लेखकाचीही काही शेपटे त्यात असतील.

गोड्या पाण्यात या आमिषाचा मुख्य गिऱ्हाईक मरळ. तळ्यात, डोहात, शेवाळाच्या वरून रबरी बेडूक सरकवत आणला की तो खालून झेपावतो. मरळ हवेतला श्वास घेतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने वर येऊन फुटलेला बुडबुडा त्याची जागा दाखवतो. पावसाळ्यात पाण्यावर पिल्लांचा लालसर घोळका वळवळताना दिसला की खाली राखणीला आई-बाप असतात. ते रागाने कशावरही तुटून पडतात, पण त्यांना उचलले की घोळका काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो. चढणीचे मासे, म्हणजे वलगण, हा पहिल्या पावसाचा सण. त्यात मऊ आमिषाला फारसे काम नाही.

बाहेरचा बास इथल्या धरणांत सोडावा, अशी कल्पना काही शौकीन अधूनमधून मांडतात. जपानचे उदाहरण त्यांनी पाहावे. बिवा सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी पकडलेल्या बासने जॉर्ज पेरी यांच्या १९३२ च्या सुमारे १० किलोच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, आणि त्याच जपानने २००५ पासून या माशाला उपद्रवी परकीय जात ठरवले आहे, कारण त्याने तेथील स्थानिक मासे खाऊन टाकले. आपल्याकडे १९५२ मध्ये आणलेल्या तिलापिया या परक्या माशाने पुरेसे शिकवले आहे.

धरणांतील मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तेथे आधी विचारावे. वाशिष्ठी, जगबुडी आणि महाडजवळच्या सावित्रीत मगरी आहेत. तेथे गुडघाभर पाण्यात उभे राहून फेक करणे हा शहाणपणा नव्हे. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड आणि वाड्याजवळ वैतरणेवरील तिळसे येथील मासे देवाचे मानतात. तेथे लोक काठावरून त्यांना खाऊ टाकतात, आणि गरी कोणी काढत नाही.